गुडघ्यावर बसलेला दामियानो

फाएन्झा गावात कुणाला देहदंड झाला की त्याच्यासाठी दोन तऱ्हेची माणसं लागत. एक जल्लाद. तो सरकारातून येई. दुसरे सोबती. ते काळ्या खोळीच्या मंडळींतून येत. जल्लादाचं काम घटकाभराचं. सोबत्यांचं काम आदल्या दुपारी सुरू होई, आणि खरं सांगायचं तर अवघड तेच. मान उतरवायला नुसता हात लागतो. माणसानं ती आपणहून पुढे ठेवावी यासाठी काय लागतं, ते मंडळींतल्या म्हाताऱ्यांनाही धड सांगता येत नसे.

बर्नाबा कुंभार हा त्या मंडळींतला सगळ्यांत जुना सोबती. पांढऱ्या झिलईवर निळी वेलबुट्टी काढलेल्या त्याच्या ताटल्या व्हेनिसपर्यंत जात. डोक्यावरून गळ्यापर्यंत काळी खोळ ओढली की सोबती ओळखू येऊ नये असा मंडळींचा नेम होता. पण मातीनं भेगाळलेले हात आणि तो आवाज खोळीत कसा मावणार? तुरुंगाच्या दारातला पहारेकरीसुद्धा म्हणे, ‘‘या अनोळखी गृहस्थ, या. बायकोची कंबर कशी आहे?’’

आवाज ही बर्नाबाची खरी मिळकत. तरुणपणी एकदा ईस्टरच्या आधीच्या उपासात एक अनवाणी भिक्षू गावच्या चौकात आला होता. तो प्रवचन नुसतं सांगत नसे, गाई. बोलता बोलता सुरात शिरे, गाता गाता पुन्हा बोलण्यावर येई, आणि येशूला खांद्यावर क्रूस घेऊन टेकडी चढवायला लागला की चौकातले घोडेवालेही टोप्या काढत. बर्नाबा भट्टी पेटती टाकून ऐकायला गेला, आणि ती भरलेली भट्टी जळून कोळसा झाली. बापानं आयमाय उद्धारली. पण भिक्षूची एक गोष्ट बर्नाबानं जन्मभर गाठीला बांधली: आपल्या श्वासावर गाऊ नये, ऐकणाऱ्याच्या श्वासावर गावं. मरणाच्या वाटेवरच्या माणसाचा श्वास तोकडा असतो. बर्नाबा त्याच्या श्वासाएवढाच चरण गाई.

गाण्याच्या जोडीला पाटी. हातआरशासारखी लाकडाची, खाली मूठ, दोन्ही बाजूंना चित्र. एका बाजूला क्रूसावरचा ख्रिस्त, दुसऱ्या बाजूला कोस्मा आणि दामियानो या दोघा वैद्य भावांचं हौतात्म्य. कोठडीत ख्रिस्ताची बाजू दाखवायची. वाटेवर मात्र संतांची. कारण त्या वेळी माणसाला आपल्याच वाटेनं पुढे गेलेलं कुणीतरी लागतं. पाटी तोंडापासून वीतभर अंतरावर धरायची, म्हणजे गर्दी दिसत नाही, ठोकळा दिसत नाही, पातं दिसत नाही. दिसतं ते चित्र. कोठडीच्या दारापासून ठोकळ्यापर्यंत पाटी खाली घ्यायची नाही. माणसानं मागितल्याशिवाय फिरवायची नाही.

जुनी पाटी अंड्याच्या बलकात कालवलेल्या रंगांची होती. जाणाऱ्यांनी चुंबनं घेऊन घेऊन संतांची तोंडं पुसून टाकली होती. तेव्हा बर्नाबानंच हट्ट धरला की नवी पाटी तेलरंगात करून घ्या, तेलाचं पुसून स्वच्छ करता येतं, चित्र जात नाही. मग एर्कोले चितारी याच्या कारखान्यातून नवी आली. त्यालाही आता सात-आठ वर्षं झाली होती. दर वेळी परत आल्यावर बर्नाबा ती ओल्या मऊ कापडानं पुसून कपाटात ठेवी. पण गंमत अशी की ती धरणाऱ्याच्या डोळ्यांसमोर नेहमी उलटी बाजू येते. वाटेवर संत जाणाऱ्याकडे तोंड करून, ख्रिस्त बर्नाबाकडे. ख्रिस्ताच्या बरगड्या त्याला पाठ होत्या. कोठडीत संत त्याच्याकडे येत, पण तिथल्या अंधारात ते त्यानं कधी निरखून पाहिले नव्हते.

त्या शरदात ओर्सोचा निकाल लागला.

ओर्सो एर्कोलेच्याच कारखान्यातला चितारी. तिशीचा, बुटका, बोलायला तिखट. त्याच्या जोडीला तिथे बेर्तो नावाचा दुसरा चितारी होता. दोघं पोरपणापासून एका पाट्यावर रंग वाटत वाढले. एके दिवशी ओर्सोनं काढलेला एका देवदूताचा चेहरा मालकाला पसंत पडला नाही. ‘‘खरवडून काढ,’’ असं मालकानं बेर्तोला सांगितलं. बेर्तोनं खरवडला आणि वर विचारलं, ‘‘काय रे, तुझ्या देवदूताची दाढ दुखत होती का?’’ सगळा कारखाना हसला. ओर्सोच्या हातात वरवंटा होता. नसता, तर शिव्यांवर भागलं असतं.

बेर्तोला आईबाप नव्हते, बायको नव्हती. रडायला होता तो ओर्सोच, आणि तो रडला नाही.

दुपारी बर्नाबा आणि त्याचा जोडीदार कोठडीत शिरले. जोडीदार म्हणजे पेल्लेग्रीनो औषधवाला. पन्नाशीचा, नेमाचा पक्का आणि सुराचा कच्चा. मंडळींत त्याला सक्त ताकीद होती: प्रार्थना म्हण, पण गाऊ नकोस.

ओर्सो भिंतीला टेकून बसला होता. त्यानं दोन्ही खोळींकडे आळीपाळीनं पाहिलं.

‘‘बर्नाबाकाका, काढा हो ती खोळ. गुदमरून माझ्या आधी तुम्हीच जाल.’’

‘‘आम्हाला नाव नसतं,’’ पेल्लेग्रीनो म्हणाला.

‘‘तुम्हाला वास आहे ना पण! कापराचा. पेल्लेग्रीनोशेट, माझ्या आईला खोकल्याचं औषध दिलं होतंत. ती गेली, खोकला राहिला.’’

‘‘तिनं ते उपाशीपोटी घ्यायचं होतं!’’ पेल्लेग्रीनो खोळीतून उसळला, आणि मग आपल्याला नाव नसतं हे आठवून गप्प बसला.

बर्नाबा हसला नाही. तो जमिनीवर मांडी घालून बसला आणि हलक्या आवाजात त्यानं पद धरलं. सगळ्या गावाला ते येई. बायका धुणं धुताना म्हणत.

चल रे जिवा, वाट उरली थोडी,
कोणी न ये, तरी एकाची जोडी;
उंबऱ्याशी त्याच्या वहाणा सोडी,
आत तो उभा, हात पसरून.

ओर्सोनं डोळे मिटून ऐकलं. गाणं त्याला पोचत होतं हे बर्नाबाला दिसलं. हनुवटी सैल झाली, श्वास खाली बसला. तेवढी वेळ साधून बर्नाबानं पाटी त्याच्यापुढे धरली.

ओर्सोनं डोळे उघडले आणि तो खो खो हसायला लागला.

‘‘ही? अहो, ही मीच केलीय!’’

बर्नाबाचा हात तसाच राहिला.

‘‘म्हणजे मी आणि... कारखान्यानं. ही ख्रिस्ताची बाजू मालकाची. बरगड्या बघा, टोपली विणल्यासारख्या. फिरवा. फिरवा ना, मी मागतोय. हां. तर हा कोस्मा, मुंडकं पडलेला. याचं धड बघा, आणि ते मुंडकं बघा. दोन्ही एका माणसाची नाहीतच. मुंडकं मेलं बिचारं दुसऱ्याच कुणाचं तरी. हे आभाळ निळं दिसतंय ना? वर पातळ थर तेवढा चांगल्या निळ्याचा, खाली सगळा स्वस्तातला माल. हा डबा बघा, औषधाचा.’’

‘‘त्याचं काय?’’ पेल्लेग्रीनोनं मान पुढे केली. कोस्मा आणि दामियानो हे औषधवाल्यांचेही संत, आणि तो डबा त्याला फार आवडे.

‘‘याचं झाकण कुठल्याच बाजूनं उघडणार नाही. काढलंच तसंय.’’

‘‘आणि हा जल्लाद?’’

‘‘पाठमोरा. कारखान्यात कुणी तोंड द्यायला तयार होईना. शेवटी समोरच्या पाववाल्याची पाठ घेतली. तो अजून गिऱ्हाइकांना सांगतो की मी संतांना मारलंय म्हणून.’’

पेल्लेग्रीनोच्या खोळीतून हसू फुटलं. त्यानं ते खोकल्यात घातलं.

बर्नाबाला मात्र घाम आला. इतक्या वर्षांत त्याची पाटी कुणी झिडकारली होती, कुणी तिच्यावर थुंकलं होतं. तेही त्यानं पुसून घेतलं होतं. पण चित्रात शिरण्याऐवजी चित्राचं लाकूड बघणारा माणूस त्याला आजवर भेटला नव्हता.

‘‘अरे, ज्यानं घडवलं त्यानंही कधी तरी नुसतं बघावं की,’’ तो म्हणाला.

‘‘काका, तुम्ही परक्याच्या घरी पाण्याचा पेला उचलता तेव्हा आधी पाणी पिता, की पेला उलटा करून त्याचं बूड बघता?’’

गेल्याच महिन्यात जावयाच्या घरी बर्नाबानं भरला पेला उलटा करून बूड पाहिलं होतं. सगळी मांडी भिजली होती.

गावाचा नेम असा. मरणाऱ्यानं ठोकळ्यावर मान ठेवण्यापूर्वी, ज्याला मारलं त्याचं नाव घेऊन दोघा सोबत्यांसमोर समेट करायचा. केला, तर मंडळींच्या आवारात लिंबाच्या झाडांखाली घंटा वाजवून त्याला पुरत, आणि सर्व मृतांच्या दिवशी त्याच्या नावानं दिवा लागे. नाही केला, तर तटाबाहेरची खाई. मेलेली खेचरं टाकत तिथे. समेट झाला की नाही याची साक्ष दोघा सोबत्यांनी द्यायची. एकाची चालत नसे. बर्नाबाच्या हातून आजवर एकही माणूस खाईत गेला नव्हता. ओर्सोनं पाद्र्याला सगळी पापं धडाधड सांगून टाकली होती, पण बेर्तोचं नाव आलं की तो तोंड मिटे.

‘‘एवढं एक म्हण,’’ पेल्लेग्रीनो त्याला समजावत होता. ‘‘बेर्तो, मला क्षमा कर. संपलं! यात कठीण काय आहे?’’

‘‘तो नाही म्हणेल का?’’

‘‘ऑं?’’

‘‘क्षमा मागितली, तर समोरच्याला नाही म्हणायची सोय पाहिजे ना? ती तर मीच काढून घेतली. ज्याला नाही म्हणता येत नाही त्याच्याकडून काही घ्यायचं, याला तुमच्या दुकानात काय म्हणतात ते म्हणा. आमच्यात चोरी म्हणतात.’’

पेल्लेग्रीनोनं मदतीसाठी बर्नाबाकडे पाहिलं. बर्नाबा पाटी घेऊन झरोक्याखाली गेला. पाटी पुसायला म्हणून गेला होता, पण आज पहिल्यांदाच उजेडात ती बाजू निरखत उभा राहिला. कोस्माचं धड. न उघडणारा डबा. पाववाल्याची पाठ. आणि मधोमध गुडघ्यावर बसलेला दामियानो, पाळी यायची वाट बघत. नाक जरा वाकडं. एक भुवई दुसरीपेक्षा वर. सगळे संत वर आभाळाकडे बघतात. हा सरळ चित्राबाहेर, बघणाऱ्याकडे बघत होता.

बर्नाबा परत येऊन बसला.

‘‘ओर्सो, सगळ्याला नावं ठेवलीस. याच्या तोंडाचं काही बोलला नाहीस.’’

ओर्सो भिंतीकडे बघू लागला.

‘‘त्यात चूक नाही,’’ तो म्हणाला.

‘‘कोण आहे हा?’’

पेल्लेग्रीनोनं श्वास आत घेतला आणि क्रूसाची खूण केली. हा बेर्तो, हे त्याच्याही ध्यानात आलं.

‘‘मालकानं मला सांगितलं, एक चेहरा तू कर,’’ ओर्सो भिंतीलाच सांगत होता. ‘‘तोवर नुसते कपडे आणि डोंगर करायचो. बसायला कुणीतरी पाहिजे. हा बसला. रंगाच्या खोक्यावर गुडघे टेकून. एका हातात भाजलेले चेस्टनट. मी मान हलवू देत नव्हतो म्हणून माझ्याकडे बघत खायचा. सारखी भुणभुण, ‘झालं का? उठू का? माझे गुडघे गेले, ओर्सो. संताला एवढा वेळ नसेल लागला.’ दुपारभर. आणि मी म्हणायचो, बस रे, बस. अजून नाही. असा चेहरा मला पुन्हा जमला नाही. देवदूताचा जमला नाही तो उगाच नाही.’’

झरोक्यातला उजेड सरकून भिंतीवर गेला होता. बाहेर कुणी तरी कोंबड्यांना हाकलत होतं.

‘‘उद्या वाटेवर ही बाजू माझ्यापुढे धरू नका, काका. मालकाचा ख्रिस्त धरा. टोपली तर टोपली. पण हे नको. मी पाया पडतो.’’

‘‘वाटेवर संतांची बाजू, असा नेम आहे,’’ पेल्लेग्रीनो म्हणाला, पण त्याच्या आवाजात जोर नव्हता.

‘‘माणूस मागेल ती बाजू, असाही नेम आहे,’’ बर्नाबा म्हणाला. ‘‘ख्रिस्त धरीन.’’

रात्र प्रार्थनेत गेली. सकाळी पाद्री आला, प्रसादाची भाकर झाली, हात बांधले गेले आणि दार उघडलं.

कोठडी ते वेशीबाहेरचं मैदान, एवढी वाट. सोबती ती उलट्या पावलांनी चालतो, जाणाऱ्याकडे तोंड करून, पाटी मधे धरून. दुसरा सोबती त्याच्या कमरेचा दोर धरून मागून वाट सांगतो. लांबून पाहणाऱ्याला हसू यावं असा प्रकार, पण फाएन्झात त्याला कुणी हसत नसे.

‘‘पायरी, भाऊ,’’ पेल्लेग्रीनो सांगत होता. ‘‘आता उतार. डावीकडे घ्या. शेण आहे, शेण.’’

बर्नाबा गात होता. ओर्सोचा श्वास तोकडा झाला होता, म्हणून चरणही तोकडे. पाटीवरचा ख्रिस्त ओर्सोकडे, आणि इतक्या वर्षांत वाटेवर पहिल्यांदा संत बर्नाबाकडे. खोळीच्या दोन भोकांतून त्याला दुसरं काही दिसतच नव्हतं. दामियानो त्याच्याकडे बघत होता. वीतभर अंतरावरून, सबंध वाटभर.

आता बर्नाबा काही चित्रांतला जाणकार नव्हता. पण माणसांची तोंडं वाचण्यात त्याचा जन्म गेला होता, आणि हे तोंड त्याला वाचता येईना. संताच्या तोंडावर असते ती शांती नाही. मरणाऱ्याच्या तोंडावरची भीती नाही. वैताग होता, पण रागाचा नव्हे. गालात काही तरी होतं, चेस्टनटच असावा. खूप वेळ एका जागी बसवून ठेवलेल्या, तरीही न उठलेल्या माणसाचं तोंड ते. ‘बस’ म्हटलं म्हणून बसलेला. बर्नाबाला वाटलं, संत तरी आणखी काय करतात?

‘‘कोणी न ये, तरी एकाची जोडी,’’ त्यानं म्हटलं, आणि पुढचा चरण त्याला आठवेना.

आजवर हे घडलं नव्हतं. त्यानं पुन्हा तोच चरण म्हटला. पुढे अंधार. कमरेचा दोर ताणला गेला; पेल्लेग्रीनो मागून कुजबुजला, ‘‘काय झालं, भाऊ? गा ना!’’ गर्दीही चपापली. बर्नाबाचं गाणं तुटलेलं कुणी ऐकलं नव्हतं.

‘‘वहाणा, काका,’’ पाटीपलीकडून ओर्सोचा आवाज आला. ‘‘उंबऱ्याशी वहाणा.’’

‘‘हो, वहाणा,’’ बर्नाबा म्हणाला, आणि गाऊ लागला. पण आवाज पहिल्यासारखा लागला नाही.

मैदान आलं. ठोकळ्यापाशी जल्लाद वाट बघत होता; थंडी होती, तो तळवे चोळत होता. ओर्सोला गुडघ्यावर बसवलं. खालची माती रात्रीच्या दवानं ओली होती. बर्नाबाही त्याच्यासमोर गुडघे टेकून बसला. साठी उलटलेल्या माणसाचे गुडघे. कटकन आवाज झाला.

‘‘आता सांग,’’ पेल्लेग्रीनो वाकून म्हणाला. ‘‘नाव घे, ओर्सो. लिंबाखाली जागा आहे तुला. खाईत जाऊ नकोस रे.’’

ओर्सोनं मान हलवली. त्याचे डोळे पाटीवर होते, पण पाटी त्यांना धरत नव्हती. ते बाजूला, काठावरून पलीकडे निसटू बघत होते, जिथे पातं होतं. बर्नाबानं पाटी सरकवली. डोळे दुसऱ्या काठाला गेले. श्वास सुटल्यासारखा व्हायला लागला. असे श्वास बर्नाबाला माहीत होते. यांतला माणूस किंचाळत जातो, त्याला चौघं धरून बसतात, आणि घाव एका वेळी लागत नाही.

गाणं या श्वासावर चढणार नव्हतं. बर्नाबा साधं बोलला.

‘‘मी सगळी वाट त्याच्याकडे बघत आलो.’’

ओर्सोचे डोळे पाटीवर परत आले.

‘‘तोंडात चेस्टनट आहे अजून.’’

‘‘डाव्या गालात,’’ ओर्सो म्हणाला.

‘‘तुझ्यावर रागावलेला नाही तो.’’

‘‘काका, तेव्हा कशाला रागावेल? तेव्हा मी त्याला मारलं नव्हतं.’’

जे खरं ते खरं. खोटं सांगून माणूस पलीकडे पोचत नाही, हेही बर्नाबाला ठाऊक होतं. तो खोळीच्या आत नुसता श्वास घेत राहिला, ओर्सोच्या श्वासाबरोबर. जल्लादानं पाय बदलला.

मग ओर्सोनं विचारलं, ‘‘गुडघ्यावरच आहे का?’’

‘‘कोण?’’

‘‘तो. अजून गुडघ्यावरच आहे?’’

‘‘हो,’’ बर्नाबा म्हणाला. ‘‘तसाच बसलाय.’’

‘‘फिरवा.’’

बर्नाबानं पाटी फिरवली. ख्रिस्त त्याच्याकडे आला, रोजच्या ओळखीचा, टोपलीसारख्या बरगड्यांचा. पाटीपलीकडे काय चाललं होतं ते त्याला दिसत नव्हतं. त्याच वेळी मागे पेल्लेग्रीनोनं, कुणाला न विचारता, मोठ्यानं पद धरलं. बेसूर, चरणाआधीच श्वास संपणारं, कापराच्या वासाचं. बर्नाबाला त्याला गप्प करायचं होतं, पण हात पाटीला गुंतलेले.

ओर्सोचा श्वास खाली बसत गेला. मग त्याचा आवाज आला, हळू, कामावरून उठताना जोडीदाराशी बोलावं तसा.

‘‘ऊठ रे आता. झालं.’’

आणि त्यानं मान पुढे ठेवली. कुणी धरावी लागली नाही. जल्लादाला दुसरा घाव घालावा लागला नाही.

मैदानातल्या तंबूत मंडळींचा मुख्य बसला होता. म्हातारा, ऐकायला कमी, नेमाला करडा. मृतदेह गाडीवर होता. गाडी लिंबाकडे न्यायची की खाईकडे, हे गाडीवाल्याला अजून कुणी सांगितलं नव्हतं. तो बैलांच्या माश्या हाकत उभा होता.

‘‘समेट केला?’’ मुख्यानं विचारलं.

‘‘केला,’’ बर्नाबा म्हणाला.

‘‘मेलेल्याचं नाव घेतलं?’’

‘‘मेलेल्याशी बोलला.’’

‘‘क्षमा मागितली?’’

बर्नाबानं खोळ काढली. केस घामानं चिकटले होते. ‘‘बाबा, ज्या शब्दांत मागायची असते त्या शब्दांत नाही मागितली. पण इतकी माणसं पोचवली मी, मला कळतं. तो बेर्तोला मोकळं करून गेला. बांधून ठेवलेलं सोडून गेला.’’

मुख्याला हे नीट ऐकू आलं की नाही, कोण जाणे. त्यानं पेल्लेग्रीनोकडे मान वळवली. ‘‘तूही तिथेच होतास. जाणाऱ्याचे शब्द काय होते?’’

पेल्लेग्रीनो नेमाचा माणूस. दुकानात तो काट्यावर फुंकर पडू नये म्हणून श्वास धरून तोलायचा. तो बराच वेळ हातातल्या दोराच्या टोकाशी चाळा करत राहिला. बर्नाबा त्याच्याकडे बघत नव्हता. बघणं बरं दिसलं नसतं.

‘‘शब्द मला ऐकू आले नाहीत, बाबा,’’ पेल्लेग्रीनो म्हणाला. ‘‘मी गात होतो.’’

‘‘तू?’’

‘‘हो. चुकलं. दंड भरीन.’’

‘‘तू गात असताना तो शांत गेला?’’

‘‘मान आपणहून ठेवली. सगळ्यांनी पाहिलं.’’

‘‘मग समेट झालाच असणार,’’ मुख्य म्हणाला. ‘‘तुझं गाणं ऐकून एरवी माणूस पळत सुटतो.’’ त्यानं गाडीवाल्याला लिंबाच्या बाजूची खूण केली.

दुपारी मंडळींच्या खोलीत बर्नाबानं कपाट उघडलं, कापड भिजवून पिळलं आणि पाटी पुसायला घेतली. आधी ख्रिस्त. मग उलटून दुसरी बाजू. पेल्लेग्रीनो बाकावर बसून बुटांतला चिखल काढत होता.

‘‘भाऊ, खरं सांगा,’’ त्यानं विचारलं, ‘‘सूर अगदीच गेला होता का?’’

‘‘अगदीच.’’

‘‘तरी चरण सगळे आले मला. वहाणांचासुद्धा.’’

‘‘आले,’’ बर्नाबानं मान्य केलं.

दामियानोच्या गुडघ्यापाशी रक्ताचा एक लहानसा थेंब उडाला होता. बर्नाबानं कापडाचं टोक बोटावर गुंडाळलं आणि एकदा फिरवलं. पाटी तेलरंगाची. लगेच निघाला.